इच्छुकांची चाचपणी (मराठवाडा)

इच्छुकांची चाचपणी : एका जागेसाठी पक्षाची उमेदवारी मागणाऱ्या अनेकांना ताडून पाहून त्यांतले एक नाव पक्के करण्याची प्रक्रिया. मराठवाड्याच्या आठ जिल्ह्यांत लोकसभेचे ८ आणि विधानसभेचे ४६ मतदारसंघ आहेत. पक्ष कोणताही असो, अर्ज मागवणे, निरीक्षक पाठवणे, मुलाखती घेणे, खाजगी संस्थेकडून सर्व्हे करून घेणे आणि शेवटी मुंबई-दिल्लीकडे डोळे लावून बसणे हा क्रम सगळीकडे जवळपास सारखाच असतो.

मुलाखतीला इच्छुक गाड्यांचा ताफा घेऊन येतात. आत विचारले जाते ते मात्र रोकडे असते : मागच्या वेळी तालुक्यात किती मते पडली, जिल्हा परिषदेचे कोणते गट हाताशी आहेत, खर्च झेपेल का, आणि तिकीट दुसऱ्याला मिळाले तर काम करणार का. शेवटच्या प्रश्नाला सगळेच ‘हो’ म्हणतात, त्यामुळे तो का विचारतात हे एक कोडेच आहे. ज्याच्याकडे साखर कारखाना, जिल्हा बँकेतले संचालकपद किंवा शिक्षण संस्था आहे, त्याचे पारडे आधीच जड असते. सभासद, कर्मचारी आणि शिक्षक हे त्याचे तयार कार्यकर्ते असतात. पक्षाला बूथ नव्याने बांधावे लागत नाहीत.

या साऱ्याला पक्षाच्या भाषेत ‘निवडून येण्याची क्षमता’ म्हणतात. पण ती एकट्या माणसाच्या अंगी नसते. समोर कोण उभा राहणार, शेजारच्या मतदारसंघात कोणत्या समाजाला जागा गेली, मित्रपक्ष रुसणार का, यावर तीच व्यक्ती तगडी ठरते किंवा हलकी. जात हा हिशेब उघडपणे मांडला जातो. भाजपने वसंतराव भागवत व गोपीनाथ मुंडे यांच्या काळात माळी, धनगर, वंजारी अशी ‘माधव’ जुळवणी केली. २०२३मध्ये जालना जिल्ह्यातील अंतरवाली सराटीतून मराठा आरक्षणाचे आंदोलन पेटल्यावर सगळ्याच पक्षांना आपल्या याद्या पुन्हा तपासाव्या लागल्या. २०२४च्या विधानसभेआधी तर त्या गावातच इच्छुकांची रीघ लागली होती. आंदोलनाचे नेते मनोज जरांगे यांनी अर्ज मागे घेण्याच्या शेवटच्या दिवशी, ४ नोव्हेंबरला, निवडणूक न लढवण्याचे जाहीर केले.

चाचपणी किती डळमळीत असते ते हिंगोलीत २०२४च्या लोकसभेला दिसले. शिंदे यांच्या शिवसेनेने विद्यमान खासदार हेमंत पाटील यांचे नाव जाहीर केले, स्थानिक भाजपचा विरोध वाढल्यावर ते मागे घेतले आणि बाबुराव कदम कोहळीकर यांना उभे केले. हेमंत पाटलांच्या पत्नी राजश्री यांना यवतमाळ-वाशिममधून उमेदवारी मिळाली. दोन्ही जागा गेल्या. परभणीत त्याच वेळी महायुतीने सातारा जिल्ह्यातले महादेव जानकर आणले. अजित पवार यांच्या राष्ट्रवादीचे इच्छुक राजेश विटेकर मागे राहिले. जानकर हरले. विटेकरांना आधी विधान परिषद मिळाली, पुढे ते पाथरीतून विधानसभेवर गेले. नाराजाचे असे ‘पुनर्वसन’ करणे हाही चाचपणीचाच भाग मानायला हवा, कारण कोणाला तिकीट द्यायचे हे ठरवताना कोणाला काय देऊन गप्प बसवता येईल हेही ठरत असते.

लातूरने या प्रक्रियेची जवळपास सगळी रूपे पाहिली आहेत. मतदारसंघ अनुसूचित जातीसाठी राखीव झाल्यावर २००९मध्ये काँग्रेसने कोल्हापूर भागातले जयवंतराव आवळे यांना आणले. ते थोडक्यात निवडून आले. २०१४मध्ये राहुल गांधी यांच्या पुढाकाराने काँग्रेसने देशातल्या मोजक्या मतदारसंघांत अंतर्गत मतदानाचा प्रयोग केला, त्यात लातूर होते. अमेरिकेत राष्ट्राध्यक्षपदाचा पक्षीय उमेदवार राज्याराज्यांतल्या ‘प्रायमरी’ मतदानातून आणि त्यानंतरच्या पक्ष अधिवेशनातून ठरतो, त्या पद्धतीची ही छोटी आवृत्ती. फरक मोठा होता : तिकडे सामान्य मतदार मत देतात, इथे पक्षाचे पदाधिकारी. दत्तात्रय बनसोडे उमेदवार झाले आणि भाजपचे सुनील गायकवाड यांच्याकडून अडीच लाखांहून अधिक मतांनी हरले. मोदी लाटेच्या वर्षी झालेल्या या पराभवाचे खापर पद्धतीवर फोडणे बरोबर नाही. पण प्रयोग तिथेच थांबला. गंमत म्हणजे एवढ्या मताधिक्याने जिंकलेल्या गायकवाडांचेच तिकीट भाजपने २०१९मध्ये कापले. सुधाकर शृंगारे आले, जिंकले, आणि २०२४मध्ये काँग्रेसच्या डॉ. शिवाजी काळगे यांच्याकडून हरले. काळगे नेत्रतज्ज्ञ, माला जंगम समाजाचे असल्याने राखीव जागेवर चालणारे आणि लिंगायत मतदारांनाही जवळचे.

याच लातूरचे शिवराज पाटील चाकूरकर २००७मध्ये राष्ट्रपतिपदाच्या चाचपणीत होते. सात वेळा खासदार, लोकसभेचे माजी अध्यक्ष आणि त्या वेळचे केंद्रीय गृहमंत्री, अशी त्यांची कागदावरची बाजू भक्कम होती. २००४मध्ये रूपाताई पाटील निलंगेकर यांच्याकडून झालेला पराभव इथे आड येण्याचे कारण नव्हते. राष्ट्रपतींना खासदार व आमदार निवडतात, मतदान गुप्त असते, त्यामुळे तिथे लोकप्रियतेपेक्षा सहमती मोठी. डाव्या पक्षांची ती मिळाली नाही आणि जळगावच्या प्रतिभा पाटील यांचे नाव पुढे आले.   भाजपचा मित्रपक्ष असलेल्या शिवसेनेने मराठी उमेदवार म्हणून प्रतिभाताईंना पाठिंबा दिला. कोण सर्वांत चांगला यापेक्षा कोणाला सर्वांत कमी विरोध, ही कसोटी इथे जेवढी स्वच्छ दिसते तेवढी तालुक्यात दिसत नाही, तरी तिथेही ती असतेच.

सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०२०मध्ये आदेश दिला की गुन्हेगारी खटले असलेला उमेदवार का निवडला याची कारणे पक्षाने प्रसिद्ध करावीत, आणि निवडून येण्याची क्षमता एवढेच कारण चालणार नाही. निवडीची कारणे लेखी देण्याची पक्षांवर आलेली सक्ती ती एवढीच; ज्याच्यावर खटला नाही तो का निवडला हे सांगण्याचे बंधन नाही.

चाचपणीवर शिक्कामोर्तब होते ते एबी फॉर्मने. ए फॉर्मवर उमेदवार ठरवण्याचा अधिकार कोणाला ते असते, बी फॉर्मवर उमेदवाराचे आणि पर्यायी उमेदवाराचे नाव. अर्ज भरण्याच्या शेवटच्या दिवशी दुपारी ३ वाजेपर्यंत हे कागद निवडणूक निर्णय अधिकाऱ्याकडे पोचले नाहीत तर पक्षाचे चिन्ह मिळत नाही. म्हणून बंडाच्या भीतीने नाव त्या दिवसापर्यंत दाबून ठेवले जाते. तरी बंड टळतेच असे नाही, आणि धोका नेहमी यादीतल्या नाराजाकडूनच येतो असेही नाही. औरंगाबादेत २०१९ला शिवसेनेच्या चंद्रकांत खैरे यांना पुन्हा तिकीट मिळाले. २०१४मध्ये शिवसेनेच्याच तिकिटावर कन्नडचे आमदार झालेले हर्षवर्धन जाधव अपक्ष उभे राहिले आणि त्यांनी पावणेतीन लाखांहून अधिक मते घेतली. खैरे एमआयएमच्या इम्तियाज जलील यांच्याकडून ४,४९२ मतांनी हरले.