फिल्टर भारी आहे, पण हवा त्यातून जाते का?

मोठ्या कार्यालयात किंवा मॉलमध्ये छतातल्या जाळीतून येणारी गार हवा बरीचशी आतलीच, पुन्हा फिरवलेली असते. एकदा गार केलेली हवा बाहेर सोडणं महागात पडतं, म्हणून तिच्यात बाहेरची ताजी हवा बेतानेच मिसळतात. अशा वेळी धूळ, धुराचे कण आणि लोकांच्या श्वासातून आलेले सूक्ष्म थेंब पकडायचं काम एअर हँडलिंग युनिटमधल्या, म्हणजे हवा गाळून, गार करून इमारतीत फिरवणाऱ्या यंत्रातल्या, फिल्टरवर येतं.

फिल्टर म्हणजे चहाची गाळणी, छिद्रापेक्षा मोठं ते अडकतं आणि लहान ते निसटतं, असं आपण धरून चालतो. प्रत्यक्षात फिल्टरमधल्या धाग्यांमधली जागा बहुतेक कणांपेक्षा कितीतरी मोठी असते. धाग्याला वळसा घालून हवा पुढे जाते, पण जड कणांना तिच्यासोबत वळता येत नाही आणि ते धाग्यावर आदळतात. मधल्या आकाराचे कण जवळून जाताना घासून चिकटतात. अगदी बारीक कणांना हवेचे रेणू सतत ढकलत असतात, त्यामुळे ते भरकटत कुठल्या ना कुठल्या धाग्याला लागतातच. गंमत अशी की मोठेही सापडतात आणि अतिसूक्ष्मही, सगळ्यात चकवतात ते साधारण ०.३ मायक्रॉनच्या (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) आसपासचे. म्हणूनच हेपा या अतिशय बारीक गाळणाऱ्या फिल्टरची कसोटी याच आकारावर लागते आणि तिथे त्याने ९९.९७ टक्के कण अडवावे लागतात.

मग सगळीकडे हेपाच का बसवत नाहीत? कारण इतक्या दाट थरातून हवा ढकलायला ताकदीचा पंखा लागतो. समजा, एखादा पंखा साध्या फिल्टरमधून तासाला १००० घनमीटर हवा फिरवतो आणि त्या फिल्टरची कार्यक्षमता ५० टक्के आहे. म्हणजे तासाला ५०० घनमीटर स्वच्छ हवा मिळाली. हेपा बसवल्यावर प्रवाह ४०० वर आला, तर जवळपास परिपूर्ण फिल्टर असूनही हाती येते ४००च. त्यामुळे व्यापारी इमारतींमध्ये बऱ्याचदा मर्व्ह १३ दर्जाचा (मर्व्ह म्हणजे फिल्टर किती कण अडवतो याची श्रेणी) फिल्टर सुचवतात. ०.३ ते १ मायक्रॉनचे निदान निम्मे आणि १ ते ३ मायक्रॉनचे निदान ८५ टक्के कण तो अडवतो. विषाणू याहून लहान असले, तरी श्वासातून ते बहुधा त्यांच्यापेक्षा मोठ्या थेंबांत बसूनच बाहेर पडतात. अर्थात, आधी जुन्या पंख्याला हा फिल्टर झेपतो का, ते तपासायला हवं. खोल घड्यांचा फिल्टर घेतला तर पृष्ठभाग वाढतो, कापडातून जाणाऱ्या हवेचा वेग उतरतो आणि अडथळाही कमी होतो.

माझ्या मते सगळ्यात दुर्लक्षित गोष्ट आहे चौकटीभोवतीची फट. हवा नेहमी सोपी वाट धरते. ९० टक्के कार्यक्षमतेच्या फिल्टरला बगल देऊन १० टक्के हवा फटीतून गेली, तर प्रत्यक्षात पदरात पडतात ८१ टक्के. महागडा फिल्टर घेण्याआधी फट बुजवणारी पट्टी, म्हणजे गॅस्केट, नीट बसवणं कितीतरी स्वस्त.

फिल्टर कधी बदलायचा हे तारखेपेक्षा त्याच्या दोन्ही बाजूंच्या दाबातला फरक अधिक खात्रीने सांगतो. पण विद्युतभारित धाग्यांच्या फिल्टरमध्ये हा फरक फसवू शकतो. तिथे दाब फारसा न वाढताही धाग्यांवरचा विद्युतभार ओसरतो आणि बारीक कण निसटू लागतात.

वायूंपुढे मात्र हे सगळे फिल्टर हतबल. रंग, फर्निचर, सफाईची रसायनं यांतून निघणाऱ्या वाफांसाठी सक्रिय कार्बन, म्हणजे वाफा धरून ठेवणारा खास प्रक्रिया केलेला कोळसा, लागतो. माणसांच्या श्वासाने साठलेला कार्बन डायऑक्साइड मात्र त्यालाही फारशी दाद देत नाही, त्यासाठी बाहेरची हवाच आत घ्यावी लागते.