संकष्टीचा चंद्र रात्री नऊच्या सुमारासच का उगवतो?

संकष्टीला नाशिकमध्ये गच्च्यागच्च्यांवर माणसं पूर्वेकडे, निफाडच्या अंगाला डोळे लावून असतात. चंद्र दिसला की ओवाळायचं आणि उपास सोडायचा. तो वर येतो तेव्हा नीट पाहा. पूर्ण गोल नसतो, वरची कड थोडी झिजलेली असते.

ही कड पृथ्वीच्या सावलीने झाकली, असं पुष्कळ शिकलेली माणसंही सांगतात. तसं नाही. आपली सावली सूर्याच्या बरोबर विरुद्ध बाजूला पडते. चंद्राच्या अंतरावर तिची रुंदी जेमतेम अडीच-पावणेतीन चंद्रांएवढी, आणि संकष्टीला चंद्र तिच्यापासून सुमारे ४० अंश लांब असतो. हात लांब करून मूठ धरली तर ती साधारण १० अंश झाकते; म्हणजे चार मुठींचं अंतर. सावलीत चंद्र शिरतो तो फक्त ग्रहणात. त्याची कक्षा ५ अंशांनी कललेली असल्यामुळे तेही दर पौर्णिमेला होत नाही.

मग आकार कशाने बदलतो? वद्य अष्टमीच्या आसपास सकाळी आठला गच्चीवर जा. सूर्य पूर्वेला आणि अर्धा चंद्र पश्चिमेला, त्र्यंबकच्या बाजूच्या आकाशात असेल. एक पांढरा चेंडू उन्हात, चंद्राच्या शेजारी दिसेल असा धरा. चेंडूही अर्धाच उजळलेला दिसेल, आणि त्याच बाजूने! मला या प्रयोगाइतकं पटणारं दुसरं काही सापडलेलं नाही. चेंडूवर कुणाची सावली नाही. त्याचा सूर्याकडचा अर्धा भाग उजळ आहे, आणि त्यातला किती आपल्याला दिसतो एवढाच काय तो प्रश्न. चंद्राचंही तेच. अर्धा चंद्र सदैव उजेडात असतो. तो पृथ्वीभोवती फिरतो तसा त्या उजेडाचा आपल्याला दिसणारा वाटा बदलतो.

हा हिशेब आपल्या पंचांगात आधीपासूनच आहे. तिथी म्हणजे दिवस नव्हे, कोन आहे. चंद्र सूर्यापासून १२ अंश पुढे सरकला की एक तिथी संपते; ३० तिथींचे ३६० अंश, आणि त्याला लागतात सुमारे साडेएकोणतीस दिवस. वद्य चतुर्थी २१६ अंशांवर लागते. कोन ठरला की आकारही ठरतो, म्हणून संकष्टीच्या चंद्राचा ८५ ते ९० टक्के भाग उजळ दिसतो. उगवण्याची वेळही त्या कोनावरच: चंद्र रोज सरासरी ५० मिनिटं उशिरा उगवतो. पौर्णिमेला तो सूर्यास्ताच्या सुमारास येतो, तर तीन-चार दिवसांनी साडेआठ ते दहाच्या दरम्यान. ऋतूप्रमाणे थोडं मागेपुढे होतं, म्हणून दर महिन्याला चंद्रोदय कॅलेंडरात बघावा लागतो.

शुद्ध बीजेला हाच चंद्र संध्याकाळी अंजनेरीच्या दिशेला बारीक कोर होऊन दिसतो. हवा स्वच्छ असेल तर कोरीच्या कुशीत उरलेला गोलही राखाडी, मंद दिसतो. तो उजेड आपलाच: पृथ्वीवरून परतलेलं ऊन चंद्रावर पडतं आणि तिथून पुन्हा आपल्या डोळ्यांत येतं.