फिजिओ की ऑस्टिओपॅथ? गोल्फरच्या कंबरेचा आणि कोपराचा प्रश्न

गोल्फ खेळणाऱ्यांच्या कुठल्याही ग्रुपवर अधूनमधून कोणीतरी विचारतंच, कंबर धरलीये, फिजिओकडे जाऊ की ऑस्टिओपॅथकडे? उत्तरं ठरलेली. एक जण सांगणार फिजिओ नुसतं मशीन लावून झोपवतो, ऑस्टिओपॅथ दुखण्याच्या मुळाशी जातो. दुसरा सांगणार ऑस्टिओपॅथ हाडं कडाकड मोडतो, त्याच्या नादी लागू नका. दोन्ही चूक आहे, आणि या गोंधळापायी चांगले खेळणारे लोक सहा-सहा महिने दुखणं अंगावर काढतात हे बघवत नाही, म्हणून एकदाच सविस्तर लिहितो.

फिजिओबद्दल फार सांगत नाही, गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं कोणी ना कोणी प्रत्येक घरात असतं. फक्त एवढंच, की चार इलेक्ट्रोड चिकटवून पंधरा मिनिटं पडून राहणं म्हणजे फिजिओथेरपी नव्हे. चांगला फिजिओ व्यायाम देतो, ते करून घेतो आणि दर आठवड्याला वाढवतो. तुमचा फिजिओ फक्त शेक आणि मशीनवर भागवत असेल तर फिजिओ बदला.

ऑस्टिओपॅथी, म्हणजे हातांनी सांधे-स्नायू मोकळे करायची पद्धत, आपल्याकडे कमी माहितीची. अँड्र्यू टेलर स्टिल या अमेरिकन डॉक्टरनं ती १८७४ मधे मांडली आणि १८९२ मधे मिसुरी राज्यातल्या कर्क्सव्हिलला तिचं पहिलं कॉलेज काढलं. पुढे अमेरिकेत ही शाखा पूर्ण डॉक्टरकीत मिसळली, तिथले ऑस्टिओपॅथिक डॉक्टर औषधं लिहितात, ऑपरेशनही करतात. ब्रिटनमधे मात्र तो हातांनी उपचार करणारा वेगळा पेशा आहे, १९९३ च्या कायद्यानं त्याची नोंदणी होते आणि नोंदणी नसेल तर कोणी स्वतःला ऑस्टिओपॅथ म्हणवून घेऊ शकत नाही. आपल्याकडे बरेचदा फिजिओच पुढे ऑस्टिओपॅथीचे कोर्स करतात, तेव्हा पाटीवर काय लिहिलंय यापेक्षा मूळ डिग्री काय ती विचारा. आणि ऑर्थोपेडिक म्हणजे हाडांचा सर्जन, त्याचा याच्याशी संबंध नाही, ती गल्लत तरी कृपा करून थांबवा.

फी, किती सिटिंग, कोण जोरात दाबतं, हे फरक किरकोळ आहेत. खरी गफलत होते ती अंग मोकळं होणं आणि स्नायूंनी भार पेलणं या दोन गोष्टींत.

कंबरेचंच घ्या. कंबरेचे पाच मणके सगळे मिळून एका बाजूला जेमतेम दहा-बारा अंश वळतात. स्विंगमधलं, म्हणजे क्लब फिरवतानाचं वळण यायला हवं खुब्यातून आणि छातीच्या मागच्या मणक्यांतून. उजव्या हातानं खेळणाऱ्याचं सगळं शरीर बॉल मारल्यावर डाव्या पायावर फिरतं, म्हणजे डावा खुबा आतल्या बाजूला वळावा लागतो. दिवसभर खुर्चीत बसणाऱ्याचा तो वळतच नाही, मग राहिलेलं वळण कंबर भरून काढते, दर शॉटला. पुढच्या पायाचा खुबा असा आखडलेल्या गोल्फरांत कंबरदुखी जास्त दिसते असं काही अभ्यासांत आलेलंही आहे. घरी बघायचं असेल तर टेबलाच्या कडेवर पाय लोंबकळत सोडून बसा, गुडघे जागेवर ठेवा आणि आधी उजवं, मग डावं पाऊल बाहेरच्या बाजूला उचला. डावं उजव्यापेक्षा बरंच कमी जात असेल तर कंबरेच्या तक्रारीचं एक कारण तिथे असू शकतं.

चांगला ऑस्टिओपॅथ नेमका इथे उपयोगी पडतो, आणि हे मी मनापासून म्हणतो. दुखतंय कंबर पण तो आधी खुबा फिरवून बघेल, बरगड्यांवर हात ठेवून श्वास घ्यायला लावेल, पाठीचा वरचा भाग किती वळतो ते बघेल, मग स्नायू सैल करणं, सांधा हळूहळू हलवणं, कधी एक छोटा झटका. टेबलावरून उतरल्यावर माणूस खरोखर हलका झालेला असतो. तो जो कट्ट आवाज येतो ना, तो सांध्यातल्या द्रवात वायूचा बुडबुडा तयार होण्याशी संबंधित आहे, कुठलंही हाड जागेवर बसलेलं नसतं. 'मणका सरकला होता, बसवून दिला' हे वाक्य ऐकलं की मला राग येतो, कारण ते ऐकून माणूस घाबरून वाकायचंच सोडून देतो आणि आणखी आखडतो.

आता हलकं वाटलं म्हणजे काय झालं? वेदना कमी झाली, हालचाल वाढली, आणि हे बहुतेक वेळा काही दिवसच टिकतं. स्नायू काल जेवढा भार पेलत होते तेवढाच आजही पेलतात. पण आपला माणूस त्याच संध्याकाळी ड्रायव्हिंग रेंजवर, म्हणजे सरावाच्या मैदानावर जातो, कंबर मोकळी आहे म्हणून शंभर बॉल मारतो, तेही कडक मॅटवर, दोन दिवसांनी परत कंबर धरते आणि खापर ऑस्टिओपॅथवर फुटतं. किंवा उलट, दर महिन्याला जाऊन मोकळं होऊन येतो आणि त्यालाच उपचार समजतो. उपचारांबद्दल मार्गदर्शन काढणाऱ्या ब्रिटनच्या नाइस या संस्थेनं २०१६ च्या कंबरदुखीच्या मार्गदर्शनात स्पष्ट लिहिलंय की हातांचे उपचार द्यायचे तर व्यायामासोबतच द्या, एकटे देऊ नका. मिळालेली हालचाल वापरून ताकद वाढवायची असते, आणि ती ज्याची त्यालाच वाढवावी लागते.

कोपरात हा फरक आणखी ठळक दिसतो. उजव्या कोपराची आतली बाजू दुखते तो गोल्फर्स एल्बो, पण गोल्फरांच्या डाव्या कोपराची बाहेरची बाजूही बरेचदा त्रास देते, म्हणजे चक्क टेनिस एल्बो. दोन्हीत भार न पेलवलेला कंडरा, म्हणजे स्नायूला हाडाशी जोडणारा दोर असतो. मान, खांदा, मनगट मोकळं केल्यानं ताण कमी होईल, पण कंडरा घट्ट होतो तो हळूहळू वाढत्या वजनानंच. आतली बाजू दुखत असेल तर हात टेबलावर, तळवा वर, हलकं डंबेल आणि मनगट अगदी सावकाश खाली सोडायचं. बाहेरची दुखत असेल तर तळवा खाली. तीन महिने धरून चाला, लवकर झालं तर उत्तम.

दुखापत टाळण्यासाठी दर महिन्याचं पॅकेज विकणाऱ्यांबद्दल माझं मत स्वच्छ आहे, पैसे घालवू नका. नुसत्या हातांच्या उपचारानं गोल्फच्या दुखापती टळतात याला भक्कम पुरावा नाही. सीझनच्या सुरुवातीला एकदा जाऊन कुठे काय आखडलंय ते तपासून घेणं ठीक. बाकी ७०३ गोल्फरांच्या २००३ च्या एका जर्मन अभ्यासात दहा मिनिटं किंवा जास्त वॉर्मअप करणाऱ्यांना दुखापती कमी दिसल्या आणि बॅग स्वतः खांद्यावर वाहणाऱ्यांच्या कंबर-खांद्यांना त्रास जास्त दिसला. तेव्हा पहिल्या टीवर, म्हणजे खेळ सुरू होतो त्या जागी जायच्या आधी दहा मिनिटं द्या, ट्रॉली घ्या, आणि डावा खुबा वळत नसेल तर कोचला विचारून डावं पाऊल थोडं बाहेर वळवून उभे राहा.

माझी पसंती विचाराल तर, नुकतीच धरलेली, वळताच येत नाही अशी कंबर असेल तर ऑस्टिओपॅथ, कोपर आणि जुनं दुखणं असेल तर व्यायाम देणारा फिजिओ. कोणाकडेही गेलात तरी पहिल्याच भेटीत विचारा, 'घरी काय करायचं आणि ते कधी वाढवायचं?' उत्तर नसेल तर दुसरीकडे बघा.

मात्र पायातली ताकद जात असेल, मांड्यांच्या मधे बधिर वाटत असेल, लघवी-शौचावरचा ताबा सुटला असेल तर दोघांकडेही नाही, थेट हॉस्पिटल. हाडं ठिसूळ असतील किंवा रक्त पातळ करायच्या गोळ्या चालू असतील तर ते आधी सांगा आणि झटका देऊ देऊ नका. आणि जमिनीत जोरात क्लब बसल्यावर डाव्या तळव्याच्या करंगळीकडच्या फुगीर भागात एकाच जागी दुखायला लागलं तर तिथे मालीश करून घेऊ नका. ग्रिपचं टोक लागून तिथलं हॅमेट नावाचं छोटं हाड मोडतं आणि साध्या एक्सरेत ते बरेचदा दिसत नाही, हाताच्या सर्जनला दाखवून सीटी स्कॅन करून घ्या.