आंबवलेली आणि गाळलेली, दोन्ही दारूच का?

मागच्या चैत्रात धडगावकडे एका लग्नाला गेलो होतो. जेवणं झाल्यावर मांडवाबाहेर आमचा ड्रायव्हर आणि एक मास्तर यांची जुंपली. ड्रायव्हर म्हणे मोहाची दारू जगात सगळ्यात जुनी, दहा हजार वर्षं आपले लोक हेच पितात. मास्तर म्हणे हॅट, ऋषी प्यायचे तो सोम जुना. मी गप्प बसलो, पण खरं तर दोघं दोन वेगळ्या गोष्टी एकाच ग्लासात ओतत होते.

एक असते आंबवलेली. गोड रसात किंवा धान्याच्या पाण्यात यीस्ट म्हणजे डोळ्यांना न दिसणारी बुरशी शिरते, साखर खाते, अल्कोहोल आणि गॅस सोडते, बस. याला माणूस लागतोच असं नाही, शिंदीच्या झाडाला लावलेलं मडकं सकाळी काढलं तर गोड नीरा, तेच दुपारपर्यंत ठेवलं तर चढायला लागतं. पण याला एक मर्यादा आहे, साधारण 14-15 टक्क्यांच्या पुढे यीस्ट स्वतःच्याच दारूत मरतं.

दुसरी गाळलेली. हीच आंबवलेली चीज तापवायची, अल्कोहोल 78 अंशाला उकळतं आणि पाणी 100 ला, म्हणून वाफेत अल्कोहोल जास्त येतं, ती वाफ थंड करून परत पातळ केली की ती दारू. मोहाची फुलं पाण्यात टाकली, चार-सहा दिवसांनी फसफसली, इथपर्यंत ती पहिल्या जातीचीच, मडकं चुलीवर चढलं की दुसऱ्या जातीत गेली. ओळखायचं कसं? त्या लग्नात एका काकांनी पहिल्या धारेची दोन थेंब आधी जमिनीला वाहिली आणि थोडी चमच्यात घेऊन काडी लावली, निळसर ज्योत भप्पकन लागली. ताडीला काडी लावून बघा, काडीच विझेल.

आता जुनेपणाचं. चीनमध्ये हेनान प्रांतातल्या जियाहू इथं मडक्यांच्या खापरांत तांदूळ, मध आणि फळांपासून आंबवलेल्या पेयाचे अवशेष मिळालेत, सुमारे 9000 वर्षांपूर्वीचे. जॉर्जियात 8000 वर्षांपूर्वीची द्राक्षाची वाइन. सुमेरच्या (आजच्या दक्षिण इराकमधल्या) लोकांची तर बिअरची देवीच होती, निन्कासी, तिच्या इ.स.पू. 1800 च्या आसपासच्या स्तोत्रात बिअर करायची पद्धत आहे, आणि तिकडच्या चित्रांत लोक लांब नळ्यांनी एकाच घड्यातून पिताना दिसतात. इजिप्तमध्ये मजुरांना भाकरीबरोबर बिअरचं रेशन मिळायचं. हे सगळं आंबवलेलं बरं का, यात एकही भट्टी नाही.

आपल्याकडेही तेच. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात सुराध्यक्ष नावाचा सरकारी अधिकारी आहे, मेदक, प्रसन्ना, आसव, मैरेय अशा प्रकारांची यादी आहे आणि सुरेला लागणारं किण्व, म्हणजे आंबवायचं विरजण, कशाचं, तर उडीद आणि तांदूळ! म्हणजे आपण कळण्याच्या भाकरीत घालतो तेच उडीद. आयुर्वेदाच्या चरकसंहितेत मधूकासव आहे, म्हणजे मोहाच्या फुलांचंच आसव, म्हणून दहा हजार वर्षांचं सोडा, पण मोह जुना आहे एवढ्यापुरता ड्रायव्हर चुकला नव्हता, फक्त त्याच्या डोळ्यांसमोर भट्टी होती आणि चरकाच्या समोर आंबवायचा घडा. आणि मास्तरांचा सोम यातला कुठलाच नाही. वनस्पती कुटायची, रस लोकरीतून गाळायचा (हे गाळणं वेगळं, साधं चाळणं), दुधात मिसळून त्याच दिवशी यज्ञात अर्पण करून प्यायचा, आंबायला वेळच कुठं?

वाफेचं गाळणं फार उशिरा आलं. अलेक्झांड्रियाच्या किमयागारांकडे उपकरणं होती, अरब विद्वानांनी ती सुधारली, पण काम अत्तरं आणि औषधांचं. युरोपात 12 व्या शतकात इटलीतल्या सालेर्नोला 'जळणारं पाणी' निघालं. पेशावरजवळ शेखान ढेरीला सापडलेली मडकी दोन हजार वर्षांपूर्वीची गाळायचीच होती असं काही संशोधक मानतात, काही नाही मानत. गंमत म्हणजे अल्कोहोल हा शब्द अरबी 'अल-कुह्ल'वरून, म्हणजे डोळ्यात घालायचा सुरमा.

आता सगळ्यात मोठा घोळ आमच्या घरातला. बायकोचं बाळंतपण झालं तेव्हा दशमूलारिष्टाची बाटली आणली, आजीनं रोज दोन चमचे पाजले. बाटलीवर बारीक अक्षरात लिहिलेलं की आपोआप तयार झालेलं अल्कोहोल आहे, कारण अरिष्ट म्हणजे काढा आंबवूनच करतात, त्यात धायटीची फुलं घालतात, ती आपल्या सातपुड्यातही उगवतात. मी आजीला म्हटलं, अगं ही दारूच आहे की. तर ती म्हणे, "हाई दारू नई शे, औषध शे." फारसीत दारू म्हणजे औषधच, हे मी तिला सांगितलं नाही, नाहीतर दोन चमच्यांचे चार झाले असते.