उशिरा पोहोचणारा कॅमेरा

आंद्रे ब्राऊर या अमेरिकी अभिनेत्याने दोन गाजलेल्या मालिकांमध्ये पोलीस रंगवला. १९९३ साली सुरू झालेल्या 'होमिसाइड: लाइफ ऑन द स्ट्रीट'मध्ये तो बाल्टिमोरचा डिटेक्टिव्ह फ्रँक पेंबल्टन होता आणि २०१३ ते २०२१ या काळात 'ब्रुकलिन नाइन-नाइन'मध्ये कॅप्टन रेमंड होल्ट. पहिली मालिका बघताना पोटात गोळा येतो, दुसरी बघताना हसून पोट दुखतं. आणि दोन्हीकडे कॅमेरा बराचसा वेळ माणसाच्या हातात किंवा खांद्यावर असतो. मला या योगायोगाचं फार अप्रूप वाटतं. एकच अभिनेता, तीच हलती चौकट, मग परिणाम इतका वेगळा कसा?

आधी ही थरथर येते कुठून ते बघू. आपण हात कितीही घट्ट धरला तरी तो सेकंदाला साधारण ८ ते १२ वेळा बारीकसा कापतो. फोनवर घेतलेल्या व्हिडिओत जाणवते ती हीच कंपनं. खांद्यावरचा कॅमेरा जड असतो आणि त्याचं जडत्व ही जलद कंपनं गिळून टाकतं. उरते ती श्वासाची संथ लय आणि या पायावरून त्या पायावर भार टाकतानाचं हेलकावणं. म्हणून 'कॅमेरा हलतोय' असं न वाटता 'इथे कुणीतरी उभं आहे' असं वाटतं. लेन्सही महत्त्वाची: रुंद दृश्य टिपणाऱ्या २५ मिलिमीटरच्या लेन्सवर जे हलणं दिसतही नाही, ते दूरचं जवळ आणणाऱ्या १०० मिलिमीटरच्या लेन्सवर चौपट होऊन समोर येतं.

विनोदी मालिकांची जुनी रीत निराळी होती. १९५१ साली 'आय लव्ह लूसी'ने प्रेक्षकांसमोर तीन फिल्म कॅमेरे लावून चित्रीकरण करण्याची पद्धत रुळवली. पुढे पोलीस ठाण्यात घडणाऱ्या 'बार्नी मिलर'नेही अनेक कॅमेऱ्यांचीच वाट धरली. अशा मालिकांत हशा कुठे आहे ते हसण्याचा आवाजच सांगतो. 'ब्रुकलिन नाइन-नाइन'मध्ये तो आवाज नाही, त्यामुळे विनोदाची जागा दाखवण्याचं काम कॅमेऱ्यावर येऊन पडतं.

त्यासाठीचं एक हत्यार म्हणजे व्हिप पॅन: एका चेहऱ्यावरून दुसऱ्या चेहऱ्याकडे कॅमेरा झटक्यात वळवणं. थोडा हिशेब करू. समजा, कॅमेरा अर्ध्या सेकंदात ९० अंश वळला, म्हणजे वेग सेकंदाला १८० अंश. सेकंदाला २४ चौकटी, म्हणजे २४ स्थिर चित्रं, घेताना प्रत्येक चित्रासाठी शटर (प्रकाश आत सोडणारा पडदा) साधारण १/४८ सेकंद उघडं असतं. तेवढ्यात कॅमेरा पावणेचार अंश सरकतो. नेहमीच्या फिल्म कॅमेऱ्यावर ५० मिलिमीटरची लेन्स लावली तर चौकटीत एकूण २८ अंशांच्या आसपासचं दृश्य मावतं. म्हणजे प्रत्येक बिंदू चौकटीच्या जवळजवळ सातव्या भागाइतका फरफटतो. माणसं, टेबलं, भिंती, सगळ्याचे आडवे पट्टे होतात. याच पट्ट्यांत संकलक एक शॉट कापून दुसरा जोडतो आणि सांधा दिसत नाही.

तरीही हा झटका डोळ्यांना खुपत नाही. आरशासमोर उभं राहून आपल्या एका डोळ्याकडे बघा, मग दुसऱ्याकडे. शेजारी उभ्या माणसाला तुमची बुबुळं हललेली दिसतील, तुम्हाला मात्र कधीच दिसणार नाहीत. नजर उडी मारते तेव्हा मेंदू मधलं धूसर चित्र दाबून टाकतो. रेमंड डॉज या मानसशास्त्रज्ञाने १९०० च्या सुमारास हे बारकाईने अभ्यासलं. व्हिप पॅनची धाव नजरेच्या या उडीशी मिळतीजुळती असते. फरक एवढाच, की इथे मधलं धूसर चित्र आपल्याला दिसतं आणि त्यामुळे घाई जाणवते.

माझ्या मते खरी कारागिरी मात्र वेळेत आहे. अचानक काही घडलं की माणसाला ते पाहून प्रतिसाद द्यायला साधारण पाव सेकंद लागतो, म्हणजे सहा चौकटी. संहिता वाचलेल्या कॅमेरामनला पुढचं वाक्य कोण बोलणार हे ठाऊक असतं. तो आधीच तिकडे वळून बसला, तर प्रेक्षकालाही सुगावा लागतो आणि विनोद तिथेच मरतो. म्हणून त्याला स्वतःला आवरावं लागतं, जणू आपणही हे वाक्य पहिल्यांदाच ऐकतोय. 'होमिसाइड'मध्ये हीच अनभिज्ञता भीती निर्माण करते. तिथे कॅमेरा शोधत राहतो, मधूनच एखादा तुकडा गाळून दृश्य पुढे उडी मारतं आणि पुढचा धक्का कुठून येईल याचा भरवसा वाटत नाही. विनोदात कॅमेरा तितकाच उशिरा पोहोचतो, पण पोहोचल्यावर त्याला सापडतो एक निर्विकार चेहरा.

होल्टच्या चेहऱ्यासाठी झूम इतका शोभतो तो याचमुळे. कॅमेरा उचलून जवळ नेला तर चेहऱ्याची ठेवणच बदलते. नाकापासून कान १२ सेंटिमीटर मागे धरले, तर ६० सेंटिमीटरवरून बघताना नाक कानांच्या मानाने २० टक्के मोठं दिसतं. चार मीटरवरून हाच फरक जेमतेम ३ टक्के उरतो. झूममध्ये अंतर तेच राहतं, फक्त चित्र मोठं होतं. त्यामुळे बघणारा खोलीच्या दुसऱ्या टोकाला, सहकाऱ्यांमध्येच उभा राहतो आणि तिथूनच डोळे बारीक करून साहेबांचा अंदाज घेतो. चौकट भरत जाते. त्या चेहऱ्यावर एक स्नायूही हलत नाही. कडा मात्र किंचित वर-खाली होत राहतात, कारण कॅमेरा धरलेला माणूस श्वास घेत असतो.