काडिएरवरचे १४९८

नाणे जेमतेम साडेतीन ग्रॅमचे, सोन्याचे, नांत शहरातल्या टाकसाळीत हातोड्याने पाडलेले. खालचा ठसा ओंडक्यात रुतवलेला, वरचा कारागिराच्या मुठीत, मध्ये सोन्याची चकती आणि वरून घाव. घाव तिरका बसला की एका बाजूची अक्षरे बुजतात. समोर तख्तावर बसलेली ॲन, ब्रिटनीची डचेस, म्हणजे तिथली सत्ताधारी. ब्रिटनी हा आजच्या फ्रान्सच्या पश्चिमेचा प्रदेश, नांत तिथलेच. काडिएर म्हणजे खुर्ची. नाण्याचे नाव त्या तख्तावरून पडले.

१४८८मध्ये लढाई हरल्यावर काही आठवड्यांतच वडील गेले आणि अकरा वर्षांच्या ॲनकडे डची आली. १४९१मध्ये फ्रान्सच्या राजाशी लग्न झाले. करारात अट होती की मुलगा नसताना राजा वारला, तर तिने त्याच्या वारसाशीच लग्न करायचे. ७ एप्रिल १४९८ला राजा वारला. ॲन ब्रिटनीत परतली, स्वतःचे दफ्तर पुन्हा सुरू केले आणि स्वतःच्या नावाने सोने पाडले. ८ जानेवारी १४९९ला नांतमध्येच नव्या राजाशी तिचे लग्न लागले. मधले नऊ महिने तेवढे तिचे.

म्हणून या नाण्याला सरसकट ‘वैधव्यातले नाणे’ म्हणतात. इथे मात्र नाण्यावरच्या १४९८ या सालाचा घोळ आहे. आपल्याकडे शके पाडव्याला बदलतो, तसे तिथे त्या काळी साल ईस्टरला बदलत असे, आणि ईस्टरची तारीख दरवर्षी वेगळी. त्यामुळे त्यांचे १४९८ सुरू झाले १५ एप्रिलला आणि संपले आपल्या हिशेबाने ३० मार्च १४९९ला. म्हणजे राजा वारला तेव्हा तिथे अजून १४९७च चालू होते आणि दुसरे लग्न लागले तेही १४९८मध्येच. लग्नानंतरच्या जवळजवळ बारा आठवड्यांत पाडलेल्या नाण्यावरही हेच साल आले असते. नुसत्या सालावरून वैधव्य सिद्ध होत नाही. वर्षारंभ १ जानेवारीला आणण्याचे फर्मान निघाले १५६४मध्ये.

दुसरा वाद ‘साल असलेले पहिले फ्रेंच नाणे’ या बिरुदाचा. राजाच्या नाण्यांवर साल घालणे सक्तीचे झाले १५४९मध्ये, म्हणजे अर्ध्या शतकानंतर. त्यामुळे फ्रान्सला हा मान हवासा वाटतो, हे समजू शकते. पण ब्रिटनी रीतसर फ्रान्समध्ये विलीन झाली १५३२मध्ये. १४९८ची टाकसाळ डचेसची होती, हुकूमही तिचाच. नाण्यावर ती फ्रान्सची राणी म्हणवते हे खरे, पण नाण्यावरची पदवी आणि नाणे पाडण्याचा हक्क या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. हे नाणे ब्रिटनीचेच म्हणायला हवे.

दुसऱ्या लग्नाच्या करारात तिने पहिल्यापेक्षा बऱ्या अटी मिळवल्या. ब्रिटनी फ्रान्सच्या गादीपासून वेगळी राहावी, धाकट्या मुलाकडे जावी, असे त्यात होते. मुलगा जगला नाही. वारशात थोरली मुलगी आली आणि तिचे लग्न फ्रान्सच्या पुढच्या राजाशी झाले.