ज्वालामुखीवर पहाटेच का चढतात?

ज्वालामुखीवरचा सूर्योदय दाखवायला नेणारे गाइड मध्यरात्र उलटताच लोकांना उठवतात. एवढी झोपमोड फोटोसाठी, असा बहुतेकांचा समज असतो. फोटो मिळतोच, पण ही वेळ मुळात ठरते ती हवेमुळे. दिवसा उतार तापतात. त्यांना लागून असलेली हवा हलकी होऊन वर सरकते, वर जाताना थंड होते आणि तिच्यातल्या बाष्पाचे ढग होतात. एकट्याच उभ्या असलेल्या शंकूच्या आकाराच्या डोंगरावर हे चारही बाजूंनी होतं, म्हणून दुपारी माथा बऱ्याचदा ढगात हरवलेला असतो. रात्री नेमकं उलटं घडतं. उतार थंड होतात, जड झालेली हवा खाली घसरते आणि माथा मोकळा होतो.

अटलांटिक महासागरातल्या कॅनरी बेटांवरच्या तेइदेवर याला आणखी एका गोष्टीची जोड मिळते. हा ज्वालामुखी ३,७१५ मीटर उंच आहे. समुद्रावरून येणाऱ्या दमट वाऱ्यांवर तिथे उबदार, कोरड्या हवेचा थर पसरलेला असतो. उंचीबरोबर तापमान कमी व्हायचं ते इथे वाढतं, म्हणून ढगांना वर सरकता येत नाही. परिणामी शिखरावरचा माणूस ढगांच्या समुद्राकडे वरून बघत उभा असतो. इतक्या उंचीवरून क्षितिज जवळजवळ पावणेदोन अंशांनी खाली दिसतं, त्यामुळे किनाऱ्यावरच्या माणसाच्या सात-आठ मिनिटं आधी इथे सूर्य उगवतो.

त्या वेळी सगळ्यांची तोंडं पूर्वेला असतात. माझं ऐकाल तर तांबडं फुटताना एकदा पाठ फिरवा. पश्चिमेला क्षितिजालगत निळसर-करडा पट्टा आणि त्याच्यावर फिकट गुलाबी पट्टा दिसतो. खालचा पट्टा म्हणजे वातावरणावर पडलेली खुद्द पृथ्वीची सावली. सूर्य वर आला की याच बाजूला डोंगराची सावली उमटते. तेइदेची सावली समुद्र ओलांडून ला गोमेरा बेटाच्या दिशेने जाते. गंमत म्हणजे माथा बोथट असो, सपाट असो की तुटका, शिखरावरून सावली टोकदार त्रिकोणीच दिसते. सावलीच्या दोन्ही कडा जवळजवळ समांतर असतात. आपण तिच्या एका टोकाला उभे राहून लांबवर पाहतो, म्हणून रेल्वेच्या रुळांसारख्या त्या दूर जाऊन मिळाल्याचा भास होतो.

पहाटे विवरातला ‘धूर’ही जास्त दिसतो आणि डोंगर जागा झाला की काय, अशी कुजबुज सुरू होते. ज्वालामुखीच्या वायूंत सर्वात मोठा वाटा पाण्याच्या वाफेचा असतो. गार, दमट हवेत तिचे लगेच बारीक थेंब होऊन ती पांढरी दिसते, उन्हं चढली की विरते. आतून येणारी वाफ तेवढीच असते.

खरी काळजी न दिसणाऱ्या वायूंची. ज्या शांत, गार हवेमुळे माथा स्वच्छ दिसतो, तीच हवा कार्बन डायऑक्साइडला खोलगट जागी साचू देते. हा वायू हवेच्या सुमारे दीडपट जड असतो. त्याला ना रंग ना वास. वारा नसला की तो खड्ड्यांत, घळींत तसाच पडून राहतो. जावा बेटावरच्या डिएंग पठारावर फेब्रुवारी १९७९ मध्ये पहाटेच्या सुमारास छोटा उद्रेक झाला. घरं सोडून पळणारे १४०हून अधिक लोक वाटेत साचलेल्या या वायूने गुदमरून मेले. जाणता गाइड म्हणूनच विसाव्यासाठी आडोशाचा खड्डा निवडत नाही. तिथे बोचरा वारा लागत नाही खरा, पण गाइड लोकांना उघड्या धारेवरच बसवतो. वाफेच्या भोकांजवळून नेतानाही तो वाऱ्याकडची बाजू धरतो. हायड्रोजन सल्फाइडला सडक्या अंड्यांचा वास असतो, पण प्रमाण वाढलं की नाक बधिर होतं. तेव्हा ‘आता वास येत नाही’ असं कुणी म्हणालं तर निर्धास्त होऊ नये.

मात्र गाइड कितीही जाणता असला तरी एका प्रकारच्या उद्रेकापुढे त्याचं फारसं चालत नाही. जमिनीखालचं पाणी तापून अचानक वाफ झालं, की तिचं आकारमान हजारपटीहून जास्त वाढतं आणि वरचे खडक उडतात. त्यासाठी नवा शिलारस पृष्ठभागापर्यंत यावा लागत नाही, त्यामुळे आधी इशारा मिळेलच असं नाही. जपानमधला ओंताके २७ सप्टेंबर २०१४ रोजी भर दुपारी, ११ वाजून ५२ मिनिटांनी असाच उडाला. शनिवार होता, हवा छान होती, माथ्यावर गर्दी होती. ६३ जण मेले किंवा बेपत्ता झाले. त्या दिवशी धोक्याची पातळी सर्वात खालची होती. हेल्मेट बाळगायला सांगतात ते उगाच नव्हे.

सूर्योदयानंतर गाइड घाई करतो, कारण उतार तापू लागतात आणि खालून ढग चढायला लागतात. शिवाय उतरताना घसाऱ्याशी गाठ असते. उद्रेकात उडालेले सच्छिद्र खडे साधारण तीस ते पस्तीस अंशांच्या उतारावर कसेबसे टिकून असतात. चढताना दोन पावलं टाकली की एक पाऊल मागे घसरतं. उतरताना हीच घसरण कामी येते. फुजीच्या गोतेम्बा बाजूला उतरायला अशी वेगळी वाट आहे. १७०७ च्या उद्रेकात पडलेल्या काळ्या खड्यांच्या जाड थरातून लोक टाचा रोवत, लांब ढांगा टाकत जवळजवळ पळतच खाली येतात. पुढच्या माणसाने उडवलेली धूळ नाकातोंडात जाते, म्हणून रुमाल हवा. घोट्याला गेटर्स (बुटाचं तोंड झाकणारी कापडी आवरणं) नसतील तर बुटातले खडे काढायला सारखं थांबावं लागतं.